पहिली फील्ड व्हिजिट स्वस्तात: बोनकोडे ते कार्ले

फेलोशिप सुरू व्हायच्या आधी फील्डवर्क कसं करायचं? वारसा-संवर्धनाकडे वळणाऱ्या सायन्सच्या मुलांना हा प्रश्न हमखास पडतो. सिनॉप्सिस लिहायचाय, आणि खिशात जेमतेम मेसचे पैसे. अशा वेळी इजिप्त-ग्रीस सोडा, अजिंठासुद्धा महाग वाटतं.

बोनकोड्यातल्या आगरी घरांत विचारून बघा. एकवीरा आईच्या दर्शनाला ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या कार्ल्याला जातायत. देवळाला लागूनच सुमारे 38 मीटर लांबीचं कोरीव चैत्यगृह आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावं खांबांवर ब्राह्मी लिपीत आहेत, त्यात धेनुकाकटचे यवनसुद्धा. छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. दगड आणि लाकूड एकाच छताखाली कसं टिकलं, हा तर सरळ तुमच्या-माझ्या विषयाचा प्रश्न!

जायचं कसं? कोपरखैरणेहून लोकलने ठाणे. तिथून लोणावळ्याला थांबणारी एक्सप्रेस, जनरलच्या डब्यातून. लोकलचा पास तिच्यात चालत नाही, वेगळं तिकीट काढा. लोणावळ्याहून पुणे लोकल धरली की पहिलंच स्टेशन मळवली. दुपारी या लोकल विरळ असतात, वेळ आधीच बघून ठेवा. मळवलीच्या एका बाजूला भाजे, चालत जाण्यासारखं. हायवेपलीकडे कार्ले, तिथं रिक्षा आणि मग पायऱ्या. लेण्यांचं तिकीट भारतीयांना 25 रुपये. चैत्री यात्रा, नवरात्र आणि रविवार टाळा. गर्दीत मोजमाप होत नाही.

आता खरी बचत. एका दिवसात पाच लेणी ‘करणारे’ फोटो घेऊन येतात, प्रश्न घेऊन येत नाहीत. त्यापेक्षा एकाच लेण्यात दोनदा जा: एकदा पावसाळ्यात, एकदा उन्हाळ्यात. पाणी कुठून झिरपतं, शेवाळ कुठल्या उंचीपर्यंत चढतं, हे एका भेटीत कळणारच नाही. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर आत उजेड येतो. शिलालेख बघताना टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरा. सावल्या पडल्या की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. प्रत्येक फोटोची वेळ आणि जागा वहीत लिहा, पट्टी शेजारी ठेवा, पण भिंतीला टेकवू नका.

खरवडून नमुना घेणं तर सोडाच. संरक्षित स्मारकातून चिमूटभर भुगाही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, ट्रायपॉडलाही परवानगी लागते. परवानगीचा अर्ज विभागामार्फत जातो आणि वेळ खातो. म्हणून पहिल्या फेरीत फक्त बघा, मोजा, लिहा. नेमका कुठला खांब, कुठली कमान हवी, हे अर्जात लिहिता आलं पाहिजे. त्यासाठीच ही फेरी.