‘राहूचं डोकं’ आणि ‘ढ’ मुलगा

मागच्या वेळी आपण ‘मी’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ.

आपण ‘माझं घर’ म्हणतो. घर वेगळं, मी वेगळा. घर विकलं तरी मी उरतो. त्याच चालीवर आपण ‘माझं शरीर’, ‘माझं मन’ म्हणतो. मग वाटू लागतं, की या दोहोंच्या मागे कुणी मालक बसलेला असणार. पण आपण ‘माझा आत्मा’ असंही म्हणतोच की! मग त्या आत्म्याचा मालक कोण? (हशा) षष्ठी विभक्ती लागली म्हणून मालक सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या शास्त्रकारांनी यासाठी ‘राहूचं डोकं’ हे उदाहरण दिलं. पुराणात राहू म्हणजे नुसतं डोकंच. धड तो केतू. तरीही ‘राहूचं डोकं’ म्हटलं, की डोक्याहून निराळा कुणी राहू आहे असा भास होतो. शब्दामागून येणाऱ्या, पण ज्याला वस्तूचा आधार नाही अशा ज्ञानाला पतंजलीच्या योगसूत्रांत ‘विकल्प’ म्हटलं आहे. आत्मा आहे की नाही, हे यातून ठरत नाही. ते व्याकरणावरून ठरवता येणार नाही, एवढंच कळतं.

आता दुसरी सवय. ‘मला राग आला’ असं आपण म्हणतो. जे येतं ते जातंही. पण ‘मी रागीटच आहे’ म्हटलं, की घडलेल्या गोष्टीचा स्वभाव होऊन बसतो. भाषा माणसाला कोंडून ठेवते, असा याचा अर्थ घेऊ नका. दोन्ही वाक्यं मराठीच आहेत. निवड आपली असते. सवयीमुळे ती दिसत नाही.

ही निवड किती महाग पडते, ते वर्गात पाहा. ‘याला गणितात १०० पैकी १८ मिळाले’ हे एका पेपराबद्दलचं विधान आहे. त्यावर पुढे विचारता येतं : अपूर्णांक कळले नाहीत का? फळा दिसत नव्हता का? ‘हा ढ आहे’ म्हटलं, की विचारायचं काही उरत नाही. पुढे मुलगाही तेच स्वतःबद्दल म्हणू लागतो आणि वही उघडणं सोडून देतो.

म्हणून माणसाबद्दल ‘आहे’ म्हणण्याआधी ‘काय घडलं?’ असं विचारून बघावं. पुष्कळदा न कळलेला एखादा धडा सापडतो, आणि तो शिकवता येतो.

पुढच्या वेळी ‘नाही’ या शब्दाकडे वळू. नंतरच्या वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ का मानलं, ते पाहू.