एका गुणाचे अंतर : अलेक्सांद्र कारेलिनची कुस्ती

ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत कुस्तीचे दोन प्रकार खेळले जातात, मुक्त शैली आणि ग्रीको-रोमन शैली. यांपैकी पहिला प्रकार भारतीय वाचकाला अधिक परिचयाचा आहे. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे मिळवलेले कांस्यपदक मुक्त शैलीतील होते, आणि त्यानंतर २०२४ पर्यंत भारताने ऑलिंपिक कुस्तीत मिळवलेली सर्व पदकेही त्याच शैलीतील आहेत. ग्रीको-रोमन शैलीत प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरण्यास, तसेच डावासाठी पायांचा उपयोग करण्यास मनाई असते. पट काढता येत नाही, टांग मारता येत नाही. मल्लापाशी उरते ते बाहूंचे, छातीचे आणि पाठीच्या कण्याचे बळ. नावात ग्रीस आणि रोम असले, तरी ही शैली एकोणिसाव्या शतकात युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये घडली. प्राचीनतेचा मान तिला केवळ नावाने लाभला आहे.

या शैलीत सर्वात जड गटातील कुस्ती पाहणे पुष्कळदा कंटाळवाणे होई. सव्वाशे किलो वजनाचे दोन देह एकमेकांवर रेलून उभे राहत, ढकलाढकली करत आणि एखाद्या गुणावर निकाल लागे. अलेक्सांद्र कारेलिनने नेमक्या याच गटात अशी एक गोष्ट करून दाखवली, जी तोवर हलक्या वजनाच्या मल्लांनाच शक्य आहे असे मानले जात होते.

कारेलिनचा जन्म १९६७ साली सायबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे झाला. तेराव्या वर्षी तो व्हिक्टर कुझनेत्सोव या प्रशिक्षकाकडे गेला आणि अखेरपर्यंत त्याचाच शिष्य राहिला. त्याच्या बळाविषयी अनेक कथा प्रचलित आहेत; एक शीतकपाट त्याने एकट्याने जिन्याने आठव्या मजल्यावर नेले, ही त्यांतील सर्वाधिक सांगितली जाणारी. परंतु बळवान मल्ल या गटात पुष्कळ होते. कारेलिनचे वेगळेपण त्या बळाचा उपयोग कोठे केला, यात होते.

निष्क्रिय राहणाऱ्या मल्लाला पंच गादीवर पालथे होण्यास सांगतात आणि प्रतिस्पर्ध्याला वरून पकड घेण्याची संधी देतात. खालचा मल्ल अशा वेळी अंग पसरून गादीला चिकटून राहतो. जड गटात एवढा बचाव पुरेसा ठरे, कारण सव्वाशे किलोचे असहकारी ओझे जमिनीवरून उचलणार कोण? कारेलिन त्याच्या पायांकडे तोंड करून कमरेला कव घाली, त्याला गादीपासून सोडवून छातीपर्यंत उचली आणि मागे कमान करून फेकून देई. या उलट्या उचलीला पुढे त्याचेच नाव पडले. तिचे सर्वाधिक पाच गुण मिळत. त्याहून मोठा लाभ मनावर होणाऱ्या परिणामाचा होता. फेकले जाण्यापेक्षा स्वतःच पाठ टेकून चीत होणे काही प्रतिस्पर्ध्यांनी पसंत केले.

१९८७ साली सोव्हिएत संघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत इगोर रोस्तोरोत्स्की या विश्वविजेत्याने त्याला ०-१ असे हरवले. पुढच्याच वर्षी कारेलिनने त्याची जागा घेतली आणि तो सोल ऑलिंपिकला गेला. तेथे अंतिम लढतीत बल्गेरियाचा रांगेल गेरोव्स्की पुढे होता आणि वेळ संपत आली होती. शेवटच्या क्षणी उलटी उचल साधली आणि ५-३ असा निकाल लागला. त्यानंतर १९९२ साली बार्सेलोना आणि १९९६ साली अटलांटा येथेही सुवर्णपदके मिळाली. उद्घाटन समारंभात या तिन्ही वेळी आपल्या संघाचा ध्वज त्याच्याच हाती होता, आणि तिन्ही वेळी तो ध्वज निराळा होता : प्रथम सोव्हिएत संघाचा, मग संयुक्त संघासाठी ऑलिंपिकचा, शेवटी रशियाचा. त्या वर्षांतील इतिहास याहून थोडक्यात सांगणे अवघड आहे. नऊ विश्वविजेतेपदे आणि बारा युरोपीय विजेतेपदे ही त्याची उर्वरित मिळकत. हे सर्व सुखासुखी घडले नाही. १९९६ साली युरोपीय स्पर्धेत त्याच्या छातीचा स्नायू फाटला व शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी अटलांटात तो अंतिम लढत १-० अशी जेमतेम जिंकला.

२००० साली सिडनी येथे अंतिम फेरीत त्याच्यासमोर अमेरिकेचा रूलन गार्डनर आला. तो वायोमिंगमधील एका दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याचा मुलगा. १९९७ साली कारेलिनने त्याला ५-० असे सहज हरवले होते, आणि गेल्या सहा वर्षांत त्याने कोणालाही एक गुणसुद्धा दिला नव्हता. त्या काळच्या नियमानुसार, पहिल्या तीन मिनिटांत गुण न झाल्यास दोघांनी छातीला छाती भिडवून एकमेकांच्या पाठीमागे हात गुंफायचे असत. ज्याची गुंफण आधी सुटेल, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळे. रेंगाळणाऱ्या कुस्त्यांना गती यावी, हा त्यामागील हेतू. सिडनीत कारेलिनचे हात क्षणभर सुटले. पंचांनी चित्रफीत पाहून गुण गार्डनरला दिला.

आता कारेलिनला उचल साधणे भागच होते. परंतु गार्डनर बचावात पक्का होता, शिवाय त्याचे शरीर गादीवरून हलवणे कारेलिनला त्या दिवशी जमले नाही. तो तेहेतीस वर्षांचा झाला होता. जादा वेळही सरला. शेवटची काही सेकंदे उरली असताना कारेलिनने झुंज थांबवली आणि हात खाली सोडले. त्याच्या कारकिर्दीचा हिशेब सामान्यतः ८८७ विजय आणि २ पराभव असा दिला जातो. दोन्ही पराभव एकेका गुणाचे, आणि त्यांच्यामध्ये तेरा वर्षांचे अंतर.

ती त्याची अखेरची स्पर्धा ठरली. तत्पूर्वीच, १९९९ साली, तो रशियाच्या संसदेवर निवडून आला होता. गार्डनरने २००४ साली अथेन्स येथे कांस्यपदक मिळवून आपले बूट गादीवर ठेवले. मल्लाने निवृत्ती जाहीर करण्याची ही रीत आहे. पुढे त्याच जड गटात क्यूबाच्या मिहाइन लोपेसने २००८ ते २०२४ या काळात सलग पाच ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली आणि कारेलिनची तीन मागे पडली. पॅरिसमध्ये पाचवे पदक मिळाल्यावर लोपेसनेही आपले बूट गादीवर सोडले.