दुकानाचा हिशेब क्लाउडवर : जोडणीचे खाते कसे उघडावे?

अँटॉप हिलच्या वखारींत माल ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला गोदामाचा कारभार शिकवावा लागत नाही. गाळा भाड्याचा असला तरी आतला माल आपला. किल्ली कोणाकडे राहील, गेटपासवर कोणाची सही चालेल, हमाल कुठपर्यंत आत येईल, हे आपणच ठरवतो. पण तोच व्यापारी दुकानाचा हिशेब भाड्याच्या संगणकावर चढवतो आणि विचारले की सांगतो, "पासवर्ड ना? तो कॉम्प्युटरवाल्या मुलाकडे आहे."

दहा तागे चोरीला गेले तर नुकसान दहा ताग्यांचे. गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल नंबर, कोणाला काय भाव लावला, कोणाकडे किती उधारी आहे, ही यादी परक्याच्या हाती गेली तर सारा धंदा उघडा पडतो. शिवाय ही माहिती एकट्या आपल्या मालकीची नाही. गिऱ्हाइकांनी आणि कारागिरांनी ती विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली आहे, म्हणजे ती अमानत आहे. म्हणून आज आम्ही या किल्लीविषयी, अर्थात डेटाबेसच्या जोडणी-खात्याविषयी, व्यापारी बंधूंना समजेल अशा भाषेत सांगणार आहोत.

क्लाउड म्हणजे काय आणि तो कोणाला हवा?

डेटाबेस म्हणजे संगणकातली खतावणी. साठ्याचा तक्ता वेगळा, विक्रीचा वेगळा, मजुरीचा वेगळा. क्लाउड डेटा प्लॅटफॉर्म म्हणजे अशा अनेक खतावण्या एकत्र ठेवून त्यांचा मेळ घालणारे भाड्याचे ठिकाण. गुगलचे बिगक्वेरी, ॲमेझॉनचे रेडशिफ्ट, स्नोफ्लेक ही त्यांतली ठळक नावे. नाव 'ढग' असले तरी यंत्रे जमिनीवरच आहेत. ॲमेझॉनने आपला मुंबई विभाग २०१६ साली सुरू केला, गुगलने २०१७ साली.

एक दुकान आणि एक बिलबुक असलेल्याला याची गरज नाही. पण समजा गोदाम अँटॉप हिलला, विक्रीचा काउंटर मंगलदास मार्केटमध्ये, विणाई भिवंडीत आणि थोडी विक्री ऑनलाइन आहे. मग कोणत्या क्वालिटीचे किती तागे शिल्लक आहेत याचा खरा आकडा रोज सकाळी मिळायला हवा असेल, तर चारही ठिकाणचे हिशेब एकत्र आणावेच लागतात. बिगक्वेरीत दरमहा १० जीबी साठवण आणि १ टीबीपर्यंतची माहिती तपासणे मोफत आहे. लहान व्यापाऱ्याला तेवढे बहुधा पुरते. म्हणजे अडचण पैशाची फारशी नाही, किल्लीची आहे.

खाते माणसाचे नव्हे, प्रोग्रॅमचे

गोदामातल्या संगणकावरून रात्री माहिती उचलून क्लाउडला पोहोचवण्याचे काम एक प्रोग्रॅम करतो. त्याला आपल्या डेटाबेसमध्ये शिरण्यासाठी नाव आणि किल्ली लागते. त्यालाच जोडणीचे खाते म्हणतात. बहुतेक ठिकाणी होते असे, की संगणक बसवणारा घाईत मालकाचेच खाते त्या प्रोग्रॅमला देऊन टाकतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मालकाच्या खात्याला 'रूट' म्हणतात, स्नोफ्लेकमध्ये सर्वांत मोठ्या हक्काला 'अकाउंटॲडमिन'. या खात्याला सगळे करता येते. वाचता येते, आकडे बदलता येतात, संपूर्ण तक्ता पुसून टाकता येतो. डिलिव्हरीच्या पोऱ्याला तिजोरीची किल्ली आणि सही केलेले कोरे चेकबुक देण्यासारखेच हे झाले.

मुखत्यारनामा करताना वकील त्यात काय लिहितो ते आठवा. अमुक गाळ्याचे भाडे वसूल करण्यापुरता हक्क, विकण्याचा नाही. संगणकातही हाच नियम आहे आणि तो जुना आहे. सॉल्टझर आणि श्रोडर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली तो मांडला : प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक माणसाला त्याच्या कामापुरताच हक्क द्यावा, अधिक देऊ नये.

खाते उघडण्याच्या पाच पायऱ्या

मायएसक्यूएलचे उदाहरण घेऊ. इतर डेटाबेसमध्ये शब्द थोडे बदलतात, रीत हीच राहते.

पहिली पायरी : एका कामाला एक खाते. रात्रीच्या रिपोर्टसाठी वेगळे नवे खाते उघडावे आणि नावावरूनच त्याचे काम कळावे. दिवाणजी, मुलगा आणि प्रोग्रॅम एकच खाते वापरत असतील, तर आकडा कोणी बदलला हे नंतर शोधता येत नाही.

दुसरी पायरी : फक्त वाचण्याचा हक्क. 'ग्रँट' या आदेशाने हक्क देतात. त्यात 'सिलेक्ट', म्हणजे वाचणे, एवढेच द्यावे. भर घालणे, बदलणे, पुसणे यांपैकी काही देऊ नये. तोही हक्क सगळ्या तक्त्यांवर नको. साठ्याचा रिपोर्ट हवा असेल तर मजुरीचा तक्ता कशाला दाखवायचा? विक्रीच्या तक्त्यात गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर असेल, तर नंबर वगळून 'व्ह्यू' नावाची खिडकी तयार करता येते. वाचण्याचा हक्क त्या खिडकीवर द्यावा, मूळ तक्ता बंदच राहतो.

तिसरी पायरी : कुठून येणार ते ठरवणे. मायएसक्यूएलमध्ये खात्याच्या नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग नाव, दुसरा भाग ठिकाण. ठिकाणाच्या जागी टक्क्याचे चिन्ह असेल, तर त्याचा अर्थ जगातल्या कोणत्याही संगणकावरून या. कामचलाऊ मंडळी हेच चिन्ह टाकून मोकळी होतात. माहिती पाठवणारा प्रोग्रॅम गोदामाच्या त्याच संगणकात बसवला, तर ठिकाण 'लोकलहोस्ट' एवढेच लिहावे, म्हणजे हाच संगणक. मग बाहेरच्यासाठी दार उघडण्याचा प्रश्नच येत नाही. माहिती आतून बाहेर जाते, बाहेरून कोणी आत येत नाही. क्लाउडनेच आपल्याकडे येऊन माहिती उचलायची असेल, तर त्या कंपनीने दिलेले ठरावीक आयपी पत्तेच राउटरमध्ये मान्य करावेत. मायएसक्यूएलचे नेहमीचे दार ३३०६ क्रमांकाचे असते. ते सर्वांसाठी उघडे ठेवू नये. वाटेत माहिती कोणी वाचू नये म्हणून टीएलएस ही सांकेतिक व्यवस्था चालू आहे ना, तेही पाहावे.

चौथी पायरी : दोन्ही बाजूंनी तपासणी. जोडणी झाली, रिपोर्ट आला, की लोक काम संपले समजतात. खरी तपासणी उलट्या बाजूची आहे. त्याच खात्याने आत शिरून मजुरीचा तक्ता वाचण्याचा प्रयत्न करावा, एखादी नोंद बदलून पाहावी. दोन्ही वेळा नकार आला पाहिजे. ही चाचणी खऱ्या खतावणीवर न करता तिच्या नकलेवर करावी. 'शो ग्रँट्स' हा आदेश दिला की त्या खात्याला कोणकोणते हक्क आहेत त्याची यादी समोर येते. ती छापून फाइलला लावावी.

पाचवी पायरी : नोंदवही. खात्याचे नाव, कशासाठी, कोणी उघडले, कोणत्या तारखेला, किल्ली शेवटची कधी बदलली, एवढे एका वहीत लिहावे. पासवर्ड मात्र त्या वहीत नको आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. संगणकाचे काम पाहणारा बदलला, की त्याच दिवशी जुने खाते बंद करावे. एक लक्षात ठेवावे : खात्याला कुलूप लावले तरी आधीच आत शिरलेली जोडणी आपोआप तुटत नाही. ती वेगळी तोडावी लागते.

पलीकडच्या बाजूचे खाते

क्लाउडमध्येही खाते लागते आणि तिथे दोन वेगळी खाती करावीत. एक माल आत टाकणारे, दुसरे रिपोर्ट पाहणारे. स्नोफ्लेकमध्ये खाते उघडतानाच ते 'पर्सन' म्हणजे माणसाचे की 'सर्व्हिस' म्हणजे प्रोग्रॅमचे हे सांगता येते. सर्व्हिस प्रकारच्या खात्याला पासवर्डने आत जाताच येत नाही. तिथे जोडकिल्ली चालते. खासगी अर्धी किल्ली आपल्या संगणकात राहते आणि दुसरी अर्धी कंपनीकडे नोंदलेली असते. खासगी अर्धी कधीच तारेवरून जात नाही, म्हणून वाटेत चोरीला जात नाही. किल्ली बदलतानाही सोय आहे. एका खात्याला दोन किल्ल्या नोंदवता येतात. नवी चालते याची खात्री झाली की जुनी काढावी, म्हणजे एक दिवसही काम अडत नाही.

गुगलमध्ये प्रोग्रॅमच्या खात्याची किल्ली फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. ती फाइल ज्याच्या हाती, त्याला दार उघडे. वेगळी मुदत घातली नसेल तर ती आपोआप संपतही नाही. ही फाइल पेनड्राइव्हवर फिरवू नये, ईमेलने पाठवू नये.

खर्चाचीही एक गोष्ट. स्नोफ्लेकमध्ये 'वेअरहाऊस' हा शब्द भेटतो, पण ती माल ठेवण्याची वखार नव्हे. ते काम करणारे इंजिन आहे. ते चालू असेल तोवर मीटर फिरते, आणि प्रत्येक वेळी सुरू केले की निदान ६० सेकंदांचे भाडे लागते. म्हणून जोडणी-खात्याला सर्वांत लहान इंजिन द्यावे, काम नसताना ते आपोआप बंद होईल असे ठेवावे आणि महिन्याच्या खर्चाला मर्यादा घालावी.

२०२४ सालचा धडा

हे सारे कागदी वाटत असेल तर २०२४ साली काय झाले ते पाहा. स्नोफ्लेकच्या गिऱ्हाईक कंपन्यांच्या खात्यांत चोर शिरले. तपास करणाऱ्या मँडियंट कंपनीने जूनमध्ये सांगितले, की सुमारे १६५ संस्थांना सावध करण्यात आले आहे. तिकीट विकणारी टिकेटमास्टर, सँटँडर बँक आणि एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी यांची नावे या प्रकरणात पुढे आली. चोरांनी स्नोफ्लेकचे कुलूप तोडले नव्हते. त्यांच्या हाती खऱ्याच किल्ल्या होत्या. माहिती चोरणाऱ्या व्हायरसने निरनिराळ्या संगणकांतून पासवर्ड उचलले होते, काही तर २०२० सालापासून. वर्षानुवर्षे ते कोणी बदलले नव्हते. पासवर्डनंतर मोबाइलवर दुसरी खूण मागण्याची व्यवस्था त्या खात्यांना नव्हती, आणि कोणत्या पत्त्यावरून यायचे याचे बंधनही नव्हते. काही किल्ल्या बाहेरच्या कंत्राटी माणसांच्या संगणकांतून गेल्या. त्याच संगणकांवर खेळ आणि चोरीचे सॉफ्टवेअर उतरवले जात होते. आपल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाचा लॅपटॉप कसा आहे, हे प्रत्येकाने मनाशी तपासावे.

जबाबदारी कोणाची?

"माहिती त्या कंपनीकडे होती, आमचा काय दोष?" असे म्हणून सुटता येणार नाही. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे, मग काम त्याने दुसऱ्याकडून करून घेतलेले का असेना. योग्य काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि व्यापाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तिथून १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. ही मुदत घर आवरण्यासाठी आहे.

तेव्हा व्यापारी बंधूंनी आपल्या संगणकवाल्याला समोर बसवून चार प्रश्न विचारावेत. क्लाउडला जोडलेले खाते मालकाचे आहे की वेगळे? त्याला कोणत्या तक्त्यांवर कोणता हक्क आहे, त्याची छापील यादी दाखव. ते कोणकोणत्या ठिकाणांवरून आत येऊ शकते? आणि किल्ली शेवटची कधी बदलली? उत्तरे समाधानकारक मिळाली तर त्या मुलाला शाबासकी द्यावी. न मिळाली तर ते खाते बंद करून वरच्या पाच पायऱ्यांनी नवे उघडून घ्यावे. जाणकाराला हे फार तर एका दुपारचे काम आहे.