एकविसावी प्रतिज्ञा घेतली, बाविसावीचे काय?



दरवर्षी १४ ऑक्टोबरला चाकूरच्या आमच्या वस्तीतील विहारात आपली माणसे पांढरी वस्त्रे नेसून गोळा होतात. त्रिशरण-पंचशील होते, मग बावीस प्रतिज्ञांचे पठण. कार्यकर्ते म्हणून प्रतिज्ञा सांगण्याचा मान बरीच वर्षे आमच्याकडे होता. आम्ही सांगायचे आणि लोकांनी मागून म्हणायचे. चार वर्षांपूर्वी कार्यक्रम आटोपून घरी येताना आठवीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने विचारले, "पप्पा, सतरावी प्रतिज्ञा सांगताना तुमचा आवाज बारीक का होतो?"

सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची. आम्ही उत्तर दिले नाही. कारण त्याच संध्याकाळी नांदेड रस्त्यावर मित्रांबरोबर 'बसायचे' ठरले होते. आणि आम्ही गेलोही.

आम्ही काही रस्त्यात पडणारे नव्हतो. वेळेवर ऑफिसला जाणारे, जयंतीत व्याख्यान देणारे, दुसऱ्याला व्यसनमुक्ती सांगणारे होतो. म्हणूनच आमचे व्यसन आम्हाला व्यसन वाटत नव्हते. पण त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर आजोबा उभे राहिले. धम्मदीक्षेनंतर त्यांनी घरातला देव्हारा काढला, मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावाने भाकरी बंद केली. आजीने पाल्याची भाजी शिजवून दिवस काढले, पण आजोबा मागे फिरले नाहीत. पोटावर पाय आला तरी ज्यांनी शब्द पाळला, त्यांच्या नातवाला एक ग्लास सोडवत नव्हता!

आपण सर्वजण १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आपल्या नव्या जन्माचा मानतो. एकविसाव्या प्रतिज्ञेत तेच आहे. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. पुढची बाविसावी प्रतिज्ञा इथून पुढे बुद्धाच्या शिकवणीप्रमाणे वागण्याची आहे. जन्म एका दिवसात होतो, वागणे रोज करावे लागते. नागपूरच्या दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाविसावी प्रतिज्ञा पाळण्याचे काम ते आपल्यावर सोपवून गेले.

बदल करताना घाई होते, म्हणून हेही ध्यानात घ्यावे. येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली १३ ऑक्टोबर १९३५ रोजी. प्रत्यक्ष दीक्षा घेतली २१ वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी अनेक धर्म अभ्यासले, पालीचा अभ्यास केला, समाजाची तयारी केली. एवढ्या मोठ्या माणसाने बदलासाठी तयारी केली, मग आपण नुसत्या शपथेवर का विसंबावे?

तयारी कशी करावी हे आम्हाला आमच्या कारकुनीनेच शिकवले. शंभर पानी वही घेतली आणि दारूचा खर्च मांडला. चखण्यासह दिवसाला सरासरी ८० रुपये. महिन्याचे २,४०० आणि वर्षाचे २९,२००! त्याच वर्षी मुलीच्या लातूरच्या शिकवणीची फी आम्ही तीन हप्त्यांत मागून घेतली होती. मान खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून वहीत रोज एकच नोंद: आज घेतली की नाही.

अडीच महिने नोंद चांगली राहिली. मग एका लग्नाच्या वरातीत पाय घसरला. सकाळी मनात आले, संपले सगळे, आता वही फाडून टाकावी. पण घरातून एवढेच विचारणे झाले, "वहीत लिहिलंत का?" तेव्हा बी.कॉम.ला शिकलेली गोष्ट आठवली. हिशेबात चुकीची नोंद खोडायची नसते, पान फाडायचे नसते. दुरुस्तीची नोंद घालायची आणि पुढचा हिशेब चालू ठेवायचा. आम्ही 'घेतली' असे स्वच्छ लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी 'नाही' लिहिले. एका दिवसाच्या चुकीने नवा जन्म रद्द होत नाही. वही बंद केली तर मात्र होतो.

येवल्याच्या घोषणेच्याच वर्षी, १९३५ साली, अमेरिकेत दोन व्यसनी माणसांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. आज आपल्या महाराष्ट्रातही तिच्या सभा भरतात. जन्मभराचे ओझे घेऊ नका, फक्त आजचा दिवस पिऊ नका, हे त्यांचे सूत्र. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण हे केंद्रही याच कामाचे आहे.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. ज्याला वर्षानुवर्षे रोज भरपूर पिण्याची सवय आहे, त्याने एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, घाम, भास, झटके येणे असा त्रास होऊन जिवावर बेतू शकते. सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी. हा आजार आहे, यात लाज नाही.

माता-भगिनींनाही एक विनंती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना सांगितले होते की, नवरा वा मुलगा पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, आणि मुलांना शाळेत पाठवा. लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा हेही त्याच सभेत सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी बायका नव्या पद्धतीने लुगडे नेसून आल्या. ठरवले की असे होते. तेव्हा पिणाऱ्याला पाठीशी घालू नका. पण त्याने सोडायचे ठरवले, तर मागच्या चुका उगाळू नका. "लिहिलंत का?" एवढेच विचारा.

सध्या सोयाबीनच्या राशी होत आहेत. मजुरांच्या हातात पैसा येतो आणि संध्याकाळी दुकानापुढे गर्दी होते. त्या गर्दीत आमचे भाऊबंद दिसतात तेव्हा आम्ही व्याख्यान देत नाही, शेजारी उभे राहून आमच्या वहीची गोष्ट सांगतो. दोघांनी वह्या घेतल्या आहेत.

मागच्या १४ ऑक्टोबरला प्रतिज्ञा सांगण्याचा मान आम्ही मुलीला दिला. सतराव्या प्रतिज्ञेला तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही मागून म्हटली, मोठ्याने. घरी येऊन त्या दिवसाची नोंद केली. आजची अजून करायची आहे.

जयभीम!