माहेरची साडीचोळी आणि पोशाखाची विद्या

अमरावतीपासून सुमारे ४० किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर वसलेले आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. दरवर्षी आषाढी एकादशीसाठी येथून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपुरास जाते व माहेरची साडीचोळी लेकीस पोचविते. देवीचाही मान वस्त्राने करावा आणि ते वस्त्र तिच्या माहेरचे असावे, ही कल्पनाच किती हृद्य आहे! परंतु ज्या समाजात वस्त्राला एवढा मान, त्याच समाजात वस्त्र बेतण्याच्या विद्येला मात्र अद्याप पुरता मान नाही. हा विसंवाद गेल्या कार्तिकातील यात्रेच्या वेळी आमच्या प्रथमच ध्यानी आला, आणि त्यास निमित्त झाली आमच्या धाकट्या बंधूंची कन्या.

ही मुलगी अमरावतीस महाविद्यालयात शिकते. त्या दिवशी तिच्या अंगात जो कुडता होता, तो पाहून आमच्या मातोश्री घाटाच्या पायरीवरच थबकल्या.

“अगं, हा काठ माझ्या लुगड्याचा ना?”

“हो आजी. अंग विरलं होतं, पण काठ अगदी धड होता. टाकून द्यायला जीव होईना.”

ते लुगडे टसरचे, करवतकाठी. ज्या वाचकांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की या लुगड्याच्या काठास करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. ती वरून भरलेली नसते, तर मागावरच विणलेली असते. दोन काठांचे दोन व मधल्या अंगाचा एक, असे तीन धोटे चालवून विणकर त्यांचे धागे एकमेकांत गुंतवितो. विदर्भातील विणकरांचे हे खास कसब होय. मुलीने तो काठ कुडत्याच्या गळ्याशी व बाह्यांशी अशा खुबीने बसविला होता, की दात कोठेही तुटले नव्हते. मातोश्रींनी काठावरून हात फिरविला, बाही उलटून आतली शिवण पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, “टीप सरळ आहे.” त्यांच्या तोंडची ही केवढी प्रशंसा आहे, हे आमच्या घरातील सर्वांस कळते.

परंतु रात्री बिऱ्हाडी परतल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. पदवी झाल्यावर आपणास फॅशनचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे आहे, प्रवेशपरीक्षेचा अर्जही भरून ठेवला आहे, केवळ बाबांची संमती हवी, असे मुलीने सांगितले. आमचे बंधू संतापले नाहीत. पण त्यांचा चेहरा उतरला. “कपडेच शिवायचे होते, तर इतकं शिकलीस कशाला?” एवढेच ते म्हणाले. मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, “मोठे बाबा, तुम्ही तरी सांगा ना यांना.” आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. खरे सांगावयाचे तर बंधूंच्या मनात जे होते, तेच थोडेबहुत आमच्याही मनात होते.

तो गेला उन्हाळा तिने मुंबईस मावशीकडे राहून एका कपड्यांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. तिची हकीकत आम्ही त्या रात्री प्रथमच नीट ऐकली. पहिले पंधरा दिवस तिच्याकडे टाचण्या वेचणे, शिवणी उसवणे आणि चहा सांगणे एवढेच काम होते. पुढे बेतण्याच्या टेबलापाशी उभे राहण्याची परवानगी मिळाली. एके दिवशी तिने कागदी पॅटर्न कापडाच्या उभ्या धाग्याशी समांतर न लावता किंचित तिरका लावला. बाही तयार झाली, पण अंगात घालताच पीळ खाऊ लागली. चार मीटर कापड वाया गेले. तेथील वृद्ध मास्तर रागावले नाहीत. त्यांनी कापडाचा तुकडा तिच्या हाती देऊन तो उभा, आडवा व तिरका ताणावयास लावला. “कापडाला दिशा असते, हे मला त्या दिवशी कळलं,” असे ती म्हणाली. दुसरी गोष्ट मात्र कडू होती. तिने काढलेल्या एका झग्याचे रेखाचित्र पसंत पडले, तो झगा विक्रीसही गेला. पण तिचे नाव कोठेच आले नाही आणि दोन महिन्यांच्या कामाचा मोबदलाही मिळाला नाही. हे तिने घरी सांगितले नव्हते. सांगितले तर पुन्हा पाठविणार नाहीत, ही भीती!

ते ऐकताना आम्हांस कोल्हापूरच्या एका मुलीची आठवण झाली. २८ एप्रिल १९२९ रोजी राजोपाध्ये घराण्यात तिचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. परंतु ती लहान असतानाच त्यांचे छत्र हरपले. पुढे ती मुंबईस येऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाली व तेथे सुवर्णपदकाची मानकरी ठरली. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रे मांडली गेली. उत्तम चित्रकर्ती होण्याचा मार्ग असा मोकळा होता. तथापि उपजीविकेसाठी ती ‘ईव्हज वीकली’सारख्या स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी पोशाखांची चित्रे काढीत असे. त्याच साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले, तेव्हा कागदावरचे पोशाख प्रत्यक्ष कापडात उतरविण्याची संधी तिला मिळाली. तेथून ती चित्रपटांकडे वळली. ही मुलगी म्हणजेच भानु अथैया.

१९५६ सालच्या ‘सी. आय. डी.’पासून त्यांचे नाव चित्रपटसृष्टीत रूढ झाले. १९६६ साली ‘आम्रपाली’साठी पोशाख करताना त्यांनी परदेशी मासिके चाळली नाहीत, आमच्या वऱ्हाडाच्या सीमेपासून फारशा दूर नसलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा त्यांनी आधार घेतला. ‘गांधी’ या चित्रपटात १८९३ पासून १९४८ पर्यंतचा काळ उभा करावयाचा होता. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा तो प्रवास, म्हणजे वस्त्रांतून सांगितलेले चरित्रच! त्या कामगिरीबद्दल ११ एप्रिल १९८३ रोजी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती एक मराठी स्त्री, आणि तीही पोशाखाच्या विद्येसाठी, ही गोष्ट आपल्यापैकी किती घरांत मुलींना सांगितली जाते? १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रत्येक मुलगी भानुताई होईल, असे सांगण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. पण त्यांच्या विद्यार्थिदशेतून दोन गोष्टी निश्चित घेता येतात. कात्रीच्या आधी पेन्सिल आली, आणि कौतुकाच्या आधी मजुरीचे काम आले. फॅशन म्हणजे केवळ नटणे, ही समजूत चुकीची आहे. त्यात चित्रकला आहे, माप घेण्याचे गणित आहे, धाग्याचे व रंगाचे शास्त्र आहे, इतिहास आहे, आणि हिशेबही आहे. १९८६ साली दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थांतून हे सारे रीतसर शिकविले जाते. शिंप्याचे वा विणकराचे काम हलके, हा आपल्या वर्गाचा जुना अहंकार आहे. ज्याच्या श्रमावाचून आपले एकही मंगलकार्य पार पडत नाही, त्याचे काम आपल्या मुलीने केल्यास कमीपणा कसा येतो, याचा विचार प्रत्येक कर्त्या पुरुषाने करावा.

आणखी एक गोष्ट वऱ्हाडवासीयांनी विसरू नये. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस अडला, आणि इकडच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांकडून एकाएकी मागणी आली. तेव्हापासून आमचा कापूस गाठी बांधून बाहेर जातो व कापड होऊन चौपट मोलाने परत येतो. बोंडापासून बाहीपर्यंतच्या वाटेत मोल वाढते ते ज्ञानाने. ते ज्ञान आमच्याच घरातील मुलगी मिळवू पाहत असेल, तर तिला अडवावे काय?

मात्र संमती म्हणजे डोळे मिटून दिलेला होकार नव्हे. उमेदवारीस जाताना काम काय, वेतन किती, आणि आपल्या चित्रावर नाव कोणाचे, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. मुलींना हे विचारण्याचे धैर्य घराने द्यावे. झालेली फसवणूक मुलीने घरापासून लपवावी, हा दोष कारखान्याइतकाच घराचाही आहे. आमच्या घराचा तर होताच. बंधूंना आम्ही हेच सांगितले.

रुक्मिणीने आपल्या मनीचा हेतू पत्रातून कळविला, तो याच गावाहून, अशी श्रद्धा आहे. त्या पत्राचे आपण शतकानुशतके कौतुक करीत आलो. आपल्या कन्येचा अर्ज वाचावयास मात्र आपला हात कचरतो!

घरी परतल्यानंतर आठ दिवस तो अर्ज देवघराच्या फळीवर तसाच पडून होता. नवव्या दिवशी सकाळी मातोश्रींनी आपली जुनी ट्रंक उघडली. आतून एक धड, न विरलेले नऊवारी काढले आणि नातीच्या पुढ्यात ठेविले. “हे चांगलं आहे,” त्या म्हणाल्या, “म्हणून आधी कागदावर बेत, आणि धागा पाहून लाव.”

बंधू दारातच उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण दुपारी आम्ही देवघरात गेलो तेव्हा अर्जावर त्यांची सही झालेली होती.