काळा नर, करडी मादी?

वाडीत (नागपूर) आम्ही शाळेतल्या मुलांबरोबर कावळे पाहत होतो. "काळाकुट्ट तो नर, करड्या मानेची ती मादी," एक मुलगा म्हणाला. उत्तर ठाम होते, पण चुकीचे!

या दोन वेगळ्या जाती आहेत. गावकावळ्याची मान व छाती करडी असते. डोमकावळा त्याहून थोडा मोठा, सर्वांगाने काळा; चोच जाड आणि बाकदार. दोन्ही जातींत नर-मादी दिसायला सारखेच.

इंग्रजी गोष्टींतला 'रेव्हन' हा मात्र तिसराच पक्षी. त्याचे भाषांतर पुष्कळदा 'डोमकावळा' असे होते. भारतात तो हिमालयात आणि वायव्येच्या कोरड्या प्रदेशात आढळतो. तो आणखी मोठा असतो, गळ्यावरची पिसे लांब असतात आणि उडताना शेपूट पाचरीसारखी दिसते. डोमकावळ्याची शेपूट टोकाला गोलसर असते.

मग त्या मुलाला 'चूक' म्हणून गप्प करायचे का? त्याने निदान फरक तरी टिपला होता. उन्हाळ्यात त्याला एखादे घरटे लांबून पाहायला सांगा. पिल्लांना भरवणारे दोघेही एकाच रंगाचे दिसले, की आपला अंदाज तो स्वतःच दुरुस्त करील.