डोंबिवलीचा पाहुणा, आपला मळा



शनिवारी सकाळी कल्याण–नगर रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. माळशेज घाट चढून येणाऱ्या मोटारींत एम.एच. ०५ आणि एम.एच. ०४ या पाट्या पुष्कळ. पहिली कल्याणची, दुसरी ठाण्याची. यांतल्या काही घाटातच धुके बघत थांबतात, काही शिवनेरी, लेण्याद्री, ओझर करतात, आणि अलीकडे काही सरळ एखाद्या सभासदाच्या मळ्यात वळतात. तिथे आंब्याखाली दोन खोल्या असतात, रस्त्याला 'कृषी पर्यटन' अशी पाटी असते आणि मळ्याचा मालक फाटकात उभा असतो.

हा जोडधंदा आपल्या भागात रुजू लागला आहे. बऱ्याच सभासदांनी आमच्याकडे विचारणा केली, की खोल्या बांधाव्यात का? बँक कर्ज देईल का? आमच्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. येणाऱ्या पाहुण्याला नेमके हवे तरी काय, आणि परत जाताना तो समाधानी का होतो किंवा का होत नाही? ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आपल्या प्रत्येक वाडीची माणसे आहेतच. त्यांच्या ओळखीने, अशा ठिकाणी राहून आलेल्या काही कुटुंबांशी आम्ही बोललो. जे समजले ते सभासदांपुढे ठेवत आहोत.

हा पाहुणा कोण?

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती आणि ठाणे शहराची अठरा लाखांवर. नंतर ती वाढलीच आहे. माणूस पहाटे घर सोडतो, लोकलच्या दारात लोंबकळत मुंबईला जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. हवेचे म्हणाल, तर डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता २०२० साली रसायनांमुळे गुलाबी झाला होता. सगळ्या राज्याने ते छायाचित्र पाहिले. अशा माणसाला सुट्टीच्या दिवशी झाड आणि शांतता हवीशी वाटली, तर ती काही चैन नव्हे.

या पाहुण्यांत दोन तऱ्हा आहेत. एकाचे गाव अजून शाबूत आहे, पण तिथे भावकीच्या घरात दोन दिवस राहायचे तर शंभर भिडा. त्याला गाव हवे असते, पण कुणाचे ओझे होऊन नको. दुसऱ्याला गावच उरलेले नाही. आजोबा गिरणीत आले, बाप डोंबिवलीत वाढला, आणि आता नातवाला मामाचा गाव म्हणजे काय हे दाखवायला जागा नाही. एका बाईंनी आम्हाला सांगितले, "आमच्या पोराला वाटतं, ऊस रसवंतीतच उगवतो. त्याला शेत दाखवायचं होतं, बाकी काही नको होतं."

मागतो एक, सांगतो दुसरे

गंमत अशी, की फोनवर हा पाहुणा विचारतो वातानुकूलित खोली आहे का, पोहायचा हौद आहे का, मोबाइलला रेंज येते का. मालकाला वाटते, हे सगळे केल्याशिवाय धंदा नाही. पण तोच पाहुणा घरी परतून शेजाऱ्याला काय सांगतो, ते ऐकण्यासारखे आहे. "संडास स्वच्छ होता. पहाटे बंबातलं गरम पाणी मिळालं. आजींनी मुलीला भाकरी थापायला शिकवली. मासवडीचा रस्सा काय होता! रात्री इतकी शांतता की पहिल्यांदा झोपच येईना."

उलट, नाराज होऊन आलेले लोक हौद नव्हता म्हणून नाराज नव्हते. एका कुटुंबाने मुरबाडच्या बाजूला एका ठिकाणी जागा घेतली होती. जाहिरातीत मागे धबधबा आणि हिरवा डोंगर. गेले एप्रिलात. डोंगर करपलेला, धबधब्याच्या जागी काळा कातळ आणि विहिरीला पाणी नाही म्हणून अंघोळीला एकच बादली. गृहस्थ म्हणाले, "एप्रिलात धबधबा नसतो हे आम्हालाही कळायला हवं, पण त्यांनी एक शब्द बोलायला काय हरकत होती? आम्ही जूनमध्ये गेलो असतो."

यात सगळे सार आले. रिचर्ड ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८० साली हेच शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. ग्राहकाचे समाधान केवळ मिळालेल्या वस्तूवर ठरत नाही. मनात काय धरून आला होता आणि प्रत्यक्षात काय मिळाले, या दोहोंच्या फरकावर ठरते. म्हणजे पिठलं-भाकरी सांगून पिठलं-भाकरी दिली तर पाहुणा तृप्त, आणि पंचपक्वान्न सांगून चार पदार्थ दिले तर तो उपाशी!

पुढे १९९० साली झाइथामल, परशुरामन आणि बेरी या तिघांनी आपल्या ग्रंथात एक हिशेब दिला. तिथल्या बँका, विमा, टेलिफोन अशा कंपन्यांच्या ग्राहकांना १०० गुण वाटून द्यायला सांगितले होते. दिलेला शब्द पाळणे याला ३२ गुण पडले. हाकेला ओ देणे २२, कामाची जाण आणि विश्वास वाटणे १९, आपुलकी १६, आणि इमारत, फर्निचर, दिखावा याला अवघे ११. आपला पाहुणा काही अमेरिकेचा बँक-ग्राहक नव्हे, हे खरे. पण डोंबिवलीच्या मंडळींनी सांगितलेला क्रम याहून फार वेगळा नव्हता. २००३ साली मरियम खान यांनी निसर्ग पर्यटकांच्या अपेक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही या पाहुण्याने सर्वांत वर ठेवले ते निसर्गाला धक्का न लावणारी जागा आणि सोयी यांना. थाटमाट खालीच राहिला.

उसाच्या भाषेत बोलायचे तर थाटमाट हे वजन आणि पाळलेला शब्द हा उतारा. काट्यावर नुसते वजन भरले म्हणजे साखर निघतेच असे नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

एकाची मौज, दुसऱ्याची झोप

शांततेसाठी येणारा पाहुणा आणि गाणी लावून नाचायला येणारा पाहुणा एकाच मळ्यात उतरले, तर दोघेही नाराज होतात आणि शेजारचा शेतकरी तिसरा. ठाण्याच्या येऊरचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेले हे आदिवासी पाड्यांचे गाव. शहराच्या इतके जवळ रान, म्हणून तिथे बंगले आले, हॉटेले आली आणि रात्री-बेरात्रीचे कर्णे आले. तिथल्या पाड्यांवरचे लोक आणि निसर्गप्रेमी वर्षानुवर्षे तक्रारी करीत आहेत. जे रान बघायला माणसे गेली, त्या रानाची रात्रच त्यांनी हिरावून घेतली.

भंडारदऱ्याच्या काजव्यांचीही हीच कथा. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडावर, तिथे झाडेच्या झाडे लुकलुकतात. काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण. त्यावर मोटारींचे दिवे आणि मोबाइलचे झोत पडले की खूण पुसली जाते. मग पुढच्या पिढीला काजवा उरायचा कसा? कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनखात्याला गर्दीवर निर्बंध घालावे लागले ते याचसाठी.

म्हणून रात्री दहानंतर आवाज बंद, हे पाहुण्याला आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी सांगावे, आल्यावर नव्हे. चार गिऱ्हाईके जातील. जी राहतील ती पुन्हा येतील.

बिबट्याचे काय?

प्रत्येक पाहुणा हे विचारतोच, निम्मा भीतीने आणि निम्मा हौसेने. उसात बिबट्या आहे, हे लपवू नये. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात शेतीच्या पट्ट्यात केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर १०० चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले. आपल्याकडे माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्रच आहे. बिबट्यामुळे ज्यांच्या घरातले माणूस गेले, अशी कुटुंबे या भागात आहेत. तेव्हा 'बिबट्या दाखवतो' असे आमिष कुणी दाखवू नये. रात्री गाडी घेऊन उसाच्या बांधाने फिरवणे तर मुळीच नको. दिवस मावळल्यावर मूल एकटे सोडायचे नाही, खोलीपासून संडासापर्यंत दिवा हवा, आणि उरलेले अन्न उघड्यावर टाकायचे नाही. त्याला कुत्री जमतात, आणि कुत्र्यामागे तो येतो. एवढे स्पष्ट सांगितले तर पाहुणा घाबरून पळत नाही, उलट त्याला विश्वास वाटतो. "त्यांनी आधीच सांगितलं, म्हणून आम्ही मुलांना घेऊन निर्धास्त राहिलो," हे आम्ही ठाण्याच्या एका कुटुंबाकडून ऐकले.

काय दाखवावे, काय दाखवू नये

दाखवण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे. पेरणी, लागण, ठिबक, गोठा, थंडीत हुरडा, गुऱ्हाळ चालू असेल तर गरम काकवी. या बाबतीत नेरळजवळच्या सगुणा बागेचे नाव घ्यावे लागेल. कल्याणहून कर्जत लोकलने जाता येते. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथे १९८० च्या दशकापासून शेतीच पाहुण्यांना खुली केली. मासे पकडणे, बैलगाडी, म्हशीच्या पाठीवर बसून डुंबणे हीच तिथली करमणूक. बारामती तालुक्यात पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनीही याच मार्गाने काम उभे केले. दोन्ही ठिकाणी शेती हाच देखावा आहे. पाहुणा गेला तरी शेती चालूच राहते.

मात्र ऊसतोडणीची टोळी हा देखावा नव्हे. कोप्यांपुढे मोटार थांबवून, चुलीपुढच्या बाईचे आणि उघड्या पोराचे फोटो काढणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत. ती माणसे आपल्या कारखान्याच्या कामावर आलेली आहेत. त्यांना विचारल्याशिवाय कुणीही कॅमेरा उगारू नये, हे सांगण्याची जबाबदारी मळ्याच्या मालकाची.

भाकरी कोण थापते?

आता एक कटू पण आवश्यक मुद्दा. वरती पाहुण्यांनी जे कौतुक केले ते पुन्हा वाचावे. भाकरी, रस्सा, स्वच्छ संडास, पहाटेचे गरम पाणी. ही सगळी कामे घरातल्या बाईच्या हातची आहेत. फाटकात उभे राहून 'या, या' म्हणणारा मालक आणि पहाटे साडेचारला उठून चूल पेटवणारी त्याची बायको, यांत पाहुण्याचे समाधान कोण घडवते, हे उघड आहे. सातबारा मालकाच्या नावाचा, पाटी मालकाच्या नावाची, फोनवर पैसे जमा होतात तेही मालकाच्याच खात्यात. एका माउलीने आम्हाला विचारले, "उसाला उचल मिळते, दुधाला पगार मिळतो. पावण्यांच्या भाकरीला काय मिळतं हो?"

हा प्रश्न सहकाराचाच आहे. ज्याचे कष्ट त्याला मोबदला, या तत्त्वावर आपण कारखाना उभा केला. तेव्हा जेवणाचे पैसे वेगळे धरावेत आणि ते स्वयंपाक करणारीच्या खात्यावर जमा व्हावेत. भांडी-सफाईला बाई ठेवली तर तिची मजुरी हिशेबात आधी वजा करावी. एवढे करूनही चार पैसे उरत असतील तर धंदा खरा. बायकांचे कष्ट फुकट धरून दिसणारा नफा हा नफाच नव्हे. शिवाय ती माउली थकली की आपुलकी आटते, आणि पाहुण्याला ते पहिल्या घासाला कळते.

सुरुवात कशी करावी?

राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. वैयक्तिक शेतकऱ्यांप्रमाणे कृषी सहकारी संस्थाही त्याला पात्र आहेत. तेव्हा चार शेजाऱ्यांनी मिळून, एकाच्या खोल्या, दुसऱ्याचा गोठा, तिसरीचा स्वयंपाक अशी जुळणीही करता येईल. कर्ज काढून स्लॅब टाकण्याची घाई नको. असलेल्या घरातल्या दोन खोल्या, दोन नीट संडास आणि रात्रभर पुरेल एवढी पाण्याची टाकी यावर एक वर्ष काढून पाहावे.

आणि फोनवर पाहुणा ठरवताना पुढील पाच गोष्टी आपणहून सांगाव्यात :

१. कोणत्या महिन्यात काय दिसते आणि काय दिसत नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, तेही.
२. जेवणात काय मिळेल आणि काय मिळणार नाही.
३. पाणी आणि वीज यांची खरी स्थिती.
४. रात्री दहानंतर शांतता, आणि बिबट्यासाठीचे घरचे नियम.
५. एकूण पैसे किती. त्यानंतर वर एक रुपया नाही.

या पाच गोष्टींना खर्च शून्य आहे, आणि ३२ गुण यांतच आहेत. रविवारी संध्याकाळी घाट उतरून जाणारी मोटार सोमवारच्या सकाळी लोकलच्या डब्यात आपली जाहिरात करते, किंवा बदनामी करते. ती काय बोलेल, हे शनिवारी फाटकात नव्हे, त्याच्या आठवडाभर आधी फोनवर आपण काय बोललो त्यावर ठरलेले असते.

ज्या सभासदांनी पाहुणे ठेवले आहेत त्यांनी आपला अनुभव, जमाखर्चासह, आमच्याकडे जरूर पाठवावा. घरातल्या बाईने लिहिला तर अधिक चांगले.